नाथसागराच्या काठी एक दिवस

वाचकहो, कापसाची दुसरी वेचणी उरकली, तूर वाळायला लागली, हरभऱ्याला घाटे धरायला अजून अवकाश आहे, अशा मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत घरातली पोरे हटकून मागे लागतात, "कुठेतरी फिरायला न्या ना!" त्यांचेही खरे असते. दिवाळीला मामाचे गाव झाले, त्यापलीकडे त्यांनी काय पाहिले? पण शेतकऱ्याच्या दाव्याला जनावरे असतात. सकाळची धार काढून निघायचे आणि रात्रीच्या वैरणीला परत दारात हजर व्हायचे, एवढीच आपली सुट्टी. महाबळेश्वर-माथेरानची गोष्ट आपल्यासाठी नव्हे.

तेव्हा आम्ही सुचवतो, एक दिवस पैठणला जा आणि नाथसागर पाहून या. जांब समर्थ, कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, घनसावंगी या पट्ट्यातल्या मंडळींना तर हे आम्ही आग्रहाने सांगतो. ज्याच्या पाण्याच्या भरवशावर तुमच्या भागात ऊस उभा राहतो, मोसंबीच्या बागा जगतात, त्या तलावाचे नाव तुम्ही रोज घेता. "जायकवाडी किती टक्के झालं?" हा पावसाळ्यातला पहिला प्रश्न. पण तो तलाव डोळ्यांनी पाहिलेले किती निघतील? ज्याच्या घरचे मीठ खातो त्याचा उंबरा एकदा तरी पाहावा.

निघताना जांबच्या राममंदिरात डोके टेकवून निघालात तर एक गोष्ट मुलांना सांगा. समर्थ रामदासांचा जन्म या गावचा, सन १६०८ चा, रामनवमीचा. ठोसरांचा हा नारायण लग्नाच्या बोहल्यावरून निघाला तो थेट नाशिकला, पंचवटीत पोचला, आणि पुढे टाकळीला नंदिनी-गोदावरीच्या संगमावर बारा वर्षे त्याने तप केले. म्हणजे आपल्या गावचा मुलगा नदीच्या उगमाच्या अंगाला गेला. आणि पाणी? ते नाशिकाकडून आपल्याकडे येते. निदान यायला हवे. ते कसे येते, कधी अडते, हे सारे नाथसागराच्या काठावर नीट समजते.

वाट सोपी आहे. घनसावंगीवरून अंबड, अंबडहून पाचोड आणि पाचोडहून पैठण. एसटीने जाणार असाल तर २०२३ पासून बायाबापड्यांना अर्धे तिकीट झालेले आहे, तेव्हा आजी, आई, सुना अशी सगळी बायकांची फौज नेली तरी खिशाला फार झळ लागत नाही. पैठण जवळ आले की रस्ता कालव्यावरून जातो. तिथे मुलांना खिडकीशी बसवा. हाच तो डावा कालवा. येथून निघतो आणि अंबड, घनसावंगी, परतूर अशी मजल करत परभणीच्या शिवारात जातो. लांबी २०८ किलोमीटर. उजवा कालवा पलीकडच्या तीराने १३२ किलोमीटर जाऊन माजलगावच्या धरणाला पाणी देतो. आपल्या चारीला येणारे गुडघाभर पाणी इथे केवढ्या अंगाचे असते, हे पाहिले की पोरांना तर सोडाच, मोठ्यांनाही नवल वाटते. एवढे पाणी निघते, मग आपल्यापर्यंत करंगळीएवढे का येते, हाही प्रश्न तिथेच मनात येतो. त्याकडे पुढे येऊ.

पैठणला बहुतेक लोक जातात ते दोन कारणांनी. एक नाथांची समाधी आणि दुसरे संत ज्ञानेश्वर उद्यान. उद्यान धरणाच्या पायथ्याशी आहे. म्हैसूरजवळ कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याला वृंदावन बाग आहे, तिच्या धर्तीवर ही आखली. क्षेत्र तीनशे एकरांच्या वर. हिरवळीचे चौक, फुलांचे ताटवे, पाण्याचे पाट, रंगीत दिव्यांची कारंजी. मराठवाड्यात तोवर असले काही नव्हते. संध्याकाळी कारंज्यांवर दिवे लागले, गाण्याच्या ठेक्यावर पाणी वरखाली व्हायला लागले की खेड्यातून आलेली माणसे हरखून जात. कितीतरी शाळांच्या सहली इथे उतरल्या. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कित्येक जोडप्यांचा लग्नानंतरचा पहिला फोटो याच बागेतला असेल; घरातल्या जुन्या पेटीत शोधून पाहा.

पुढे मात्र बागेची आबाळ झाली. २००६ सालच्या ऑगस्टात गोदावरीला मोठा पूर आला, पैठण शहरात पाणी शिरले. त्यानंतरच्या वर्षांत देखभालीला पैसा आणि माणसे कमी पडत गेली, कारंजी बंद पडली, हिरवळ वाळली. नव्याने उभारणीच्या योजना वेळोवेळी जाहीर होत आल्या आहेत. म्हणून निघण्याआधी पैठणला कोणी ओळखीचे असेल तर बाग उघडी आहे का, कारंजी चालू आहेत का, एवढे विचारून घ्या. पोरांना कबूल करून नेले आणि फाटकाला कुलूप असले की सगळा दिवस रडण्यात जातो.

कोणी म्हणेल, शेताला पाणी नाही आणि कारंज्यांचे काय कौतुक? आम्हाला तसे वाटत नाही. कारंज्यात उडते ते पाणी कोठे उडून जात नाही, आणि शेतकऱ्याच्या मुलाने हिरवळीवर लोळू नये असे कोठे लिहिले आहे? बाग नीट राखली पाहिजे. मात्र बागेवरून माघारी फिरू नका. बहुतेक सहली तेच करतात. धरणाची भिंत पाठीशी असते, तिच्यापलीकडे पाण्याचा सागर असतो, आणि लोक खाली कारंजे पाहून भेळ खाऊन परत येतात!

सागर पाहायचा तर पैठणच्या वरच्या अंगाला, फुगवट्याच्या काठच्या गावांकडे जा. धरणाच्या भिंतीवर सुरक्षेसाठी सर्वांना मोकळे सोडत नाहीत, त्यामुळे तिचा हट्ट धरू नये. काठावर उभे राहिलात की पहिल्यांदा पलीकडचा तीर शोधाल. तो दिसत नाही. तलाव पूर्ण भरला की लांबीला सुमारे ५५ किलोमीटर आणि रुंदीला जास्तीत जास्त २७ किलोमीटर पसरतो. डोंगर नाही, झाडी नाही, सपाट काळ्या रानात आभाळ उतरून बसल्यासारखे पाणी.

हे असे का, ते शेतकऱ्याला चटकन कळेल. कोयनेचे किंवा भंडारदऱ्याचे धरण डोंगराच्या खिंडीत आहे. दोन बाजूंना कडे, मध्ये भिंत. ते पाण्याचे रांजण म्हणा. पैठणला खिंड कुठली? गोदाकाठचे हे सपाट रान. म्हणून भिंत घालावी लागली ती जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची, सत्तावीस दरवाजांची. उंची मात्र एक्केचाळीस मीटर. त्यामागे साठणारे पाणी म्हणजे रांजण नव्हे, परात. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीच्या पुढे. पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. भागाकार केला तर सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर, आपल्या एखाद्या विहिरीपेक्षाही कमी. परातीतले पाणी रांजणातल्यापेक्षा लवकर आटते हे बायकांना सांगायला नको. चैत्र-वैशाखात उन्हाने आणि वाऱ्याने नाथसागराचे किती पाणी वाफ होऊन जात असेल याचा अंदाज करा. ते पाणी कोणाच्याच शेताला लागत नाही.

सपाट रानातले असे तलाव जगात आणखीही आहेत. कॅनडात सास्काचेवान नावाचा गव्हाचा प्रांत आहे. तिथे दक्षिण सास्काचेवान नदीवर गार्डिनर नावाचे मातीचे धरण १९६७ साली पुरे झाले आणि गव्हाच्या रानात दोनशे किलोमीटरहून लांब तलाव उभा राहिला. तिथले शेतकरी कुटुंब उन्हाळ्यात तंबू घेऊन काठच्या सरकारी उद्यानात मुक्कामाला जाते, मासे धरते, होडीत बसते. आपल्याकडे होडी आणि तंबू नसले तरी पिठले-भाकरी आहेच की. काठावरच्या बाभळीखाली फडके पसरा.

या तलावाची हकीकत मुलांना सांगताना नावापासून सुरुवात करावी. जायकवाडी हे गाव पैठणजवळ नाही. ते बीड जिल्ह्यात, खाली गोदाकाठाच्या अंगाला. धरणाचा पहिला विचार तिथला होता. पुढे जागा बदलून वर पैठणला आली, पण नाव तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत शास्त्रीजी ताश्कंदला वारले. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केले. त्या वेळी मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. आधी पाटबंधारे मंत्री म्हणून या धरणामागे त्यांनी जे बळ लावले त्याची आठवण मराठवाड्यातली जुनी माणसे अजून काढतात.

पण या आनंदाला दुसरी बाजू होती, आणि काठावर उभे राहून ती सांगितली नाही तर सहल अर्धीच राहील. या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांची जमीन आहे. पैठण, गंगापूर, वैजापूर, पलीकडची शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली. आणि कसली जमीन! गोदेच्या गाळाची, ज्वारीचे कणीस हातात मावू नये अशी. चांगली सपाट काळी जमीन होती म्हणून तर पाणी एवढे पसरले. तिथल्या लोकांनी वाडे उतरवले, देव उचलले, गुरे हाकलत नव्या वसाहतीत नेली. प्रकल्पात उठलेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा आपल्या राज्यात झाला तो १९७६ साली, म्हणजे धरण पुरे झाले त्याच वर्षी. कायद्याआधीच ज्यांचे घर मोडले त्यांच्या हाती किती आले असेल, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. आपल्या उसाला मिळणारे पाणी हे त्यांच्या रानावर उभे आहे.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की तीच जमीन पुन्हा वर येते. जुन्या गावठाणांचे चौथरे, विहिरींची तोंडे उघडी पडतात. आणि मग तिथे गाळपेरा होतो. पाणी जसजसे मागे जाईल तसतसे ओलीवर टरबूज, खरबूज, भाजीपाला, चाऱ्याची पिके घेतात. खत नको, नांगरट जवळजवळ नको. ज्यांच्या बापजाद्यांची ती जमीन होती त्यांच्यापैकी काहींना अशी चार महिने ती परत भेटते. पुढच्या पावसाळ्यात धरण भरले की पुन्हा बुडते. तलाव लवकर भरला म्हणून आपण गूळ वाटतो, तेव्हा कोणाचे तरी उभे पीक पाण्यात गेलेले असते.

थंडीत गेलात तर पाखरांची चैन पाहाल. परात उथळ, काठ चिखलाचा, त्यामुळे पाणपक्ष्यांना खाणे भरपूर. १९८६ साली हा सारा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात उत्तरेकडून, थेट हिमालयापलीकडून बदके आणि करकोचे येतात. लांब गुलाबी पायांचे रोहित पक्षी उथळ पाण्यात मान उलटी करून चिखल गाळताना दिसले तर नशीब समजा. चक्रवाक मात्र बहुधा दिसेल. विटकरी रंगाचा, नेहमी जोडीने. सकाळच्या वेळी उन्ह पाठीशी घेऊन उभे राहावे. पोरांना दगड मारू देऊ नका. आणि पाण्यात उतरू देऊ नका, हे दहादा सांगतो. वरून घोटाभर दिसते, खाली गाळ असतो, पाय रुतला की मोठा माणूसही निघत नाही. काठाला मासे धरणारी भोई मंडळी भेटतील, त्यांना विचारा; पाण्याचे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही.

आता टक्क्यांचे गणित. घरी वर्तमानपत्रात रोज वाचता ते टक्के कशाचे, हे एकदा समजून घ्या. धरणाची पूर्ण भरण्याची पातळी १,५२२ फूट. ती समुद्रसपाटीपासून मोजतात, तळापासून नव्हे. एकूण १०२ टीएमसीपैकी तळाचे सुमारे २६ टीएमसी पाणी कालव्याच्या तोंडाखाली राहते. तो मृतसाठा. त्यावरचे साधारण पावणेसत्त्याहत्तर टीएमसी हा उपयुक्त साठा, आणि वर्तमानपत्रातले टक्के या उपयुक्त साठ्याचे. म्हणून "शून्य टक्के" छापून आले तरी तलाव दिसतो, पण कालव्यात थेंब येत नाही. त्या खालच्या पाण्यावर छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांची तहान भागवायची असते. २०१२-१३ साली हेच झाले. त्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांचे काय झाले ते अंबड-घनसावंगीकडच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. टँकरचे पाणी विकत घेऊन झाडाच्या बुडाला घागरीने घातले. ज्यांना ते झेपले नाही त्यांनी दहा-पंधरा वर्षांच्या झाडांना स्वतःच्या हाताने कुऱ्हाड लावली.

तशा वर्षी वरच्या धरणांकडे डोळे लागतात. गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पडणारे पाणी आधी तिथे अडते, मग उरलेले पैठणला येते. २००५ साली राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात खोऱ्यातले पाणी सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावे असे कलम आहे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ठरलेली रीत अशी, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, म्हणजे साधारण पन्नास टीएमसीच्या आत, तर वरून पाणी सोडायचे. २०२३ साली असेच साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडण्याचा हुकूम झाला. वर मोर्चे निघाले, खाली मोर्चे निघाले. वरचा शेतकरी म्हणतो, माझ्या द्राक्षाचे, उसाचे काय? तोही खोटे बोलत नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे. त्याच्या आजाने त्या पाण्यावर शेती केली.

पण त्याच्याशी भांडताना आपल्या कालव्याकडेही पाहा. वरचा आपल्याला पाणी देत नाही म्हणून आपण ओरडतो, आणि पाळी आली की कालव्याच्या तोंडाचा शेतकरी टेलच्या शेतकऱ्याशी तेच करतो. चारी फोडणे, रात्री मोटार टाकणे, सात नंबरचा अर्ज एक एकराचा आणि भिजवायचे तीन एकर. पुलावर मनात आलेला प्रश्न आठवतो ना? कालवा जुना, अस्तर उखडलेले, गळती भारी, हे तर खरेच. पण उरलेल्या उत्तरात आपलाही वाटा आहे. ठिबकवर मोसंबी आणि ऊस नेणाऱ्यांनी तेवढ्याच पाण्यात जास्त रान भिजवून दाखवले आहे. पाणीवापर संस्था जिथे नेटाने चालते तिथे टेललाही पाळी पोचते. ज्या वर्षी तलाव काठोकाठ भरतो त्या वर्षी हे कोणाला आठवत नाही. २०१९ ते २०२२ असा तो सलग भरला आणि आपण सगळ्यांनी उसाच्या लागणी वाढवल्या. मग २०२३ आले.

दुपार कलली की पैठणात उतरा. नाथांची समाधी गोदाकाठी आहे. १५९९ साली त्यांनी इथेच देह ठेवला. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत लहान पोरे घेऊन जाल तर गर्दीचे भान ठेवा. नदीचे पात्र मात्र पाहून वाईट वाटते, कारण पाणी वर अडलेले आणि खाली घाटाला उन्हाळ्यात डबकी. गावात पैठणीचे माग चालतात. विकत घ्यायची नसली तरी एक हातमाग चालताना घरच्या बायकांना जरूर दाखवा. पदरावरचा मोर एकेका धाग्याने कसा उठतो, तो पाहण्यात अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. वेळ उरला तर आपेगाव जवळच आहे, ज्ञानेश्वर माउलींच्या घराण्याचे गाव. बागेला त्यांचे नाव का दिले हे तिथे पोरांना आपोआप समजेल.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. पिण्याचे पाणी घरून न्या. काठावर वारा बोचरा असतो, म्हाताऱ्यांना घोंगडी किंवा शाल असू द्या. जेवणाचे कागद आणि प्लास्टिकच्या पिशव्या तलावाच्या काठाला टाकू नका. दोन शहरे ते पाणी पितात, आणि एखादे वासरू ती पिशवी गिळते. कारंज्यांसाठी थांबणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पैठणच्या स्टँडवर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा. आणि उन्हाळ्यात जाणे झाले तर रस्त्याच्या कडेला गाळपेऱ्याची टरबुजे विकायला बसलेली माणसे दिसतील. दोन घ्या, आणि घेताना तुमचे जुने गाव कोणते असे विचारा.